खिडकीतले ऊन आणि पाण्यातली बाग

घरातील माशांच्या टाकीवर ऊन पडू देऊ नये, ही सूचना ॲक्वेरियमच्या बहुतेक दुकानांत नव्या ग्राहकाला दिली जाते, आणि प्लास्टिकची झाडे, रंगीत खडे व दाटीवाटीने सोडलेले मासे असलेल्या टाकीपुरती ती योग्यही असते. कारण अशा टाकीत पडणाऱ्या उन्हाचा उपयोग करून घेणारे शेवाळाखेरीज दुसरे कोणीच नसते. ज्या टाकीत जिवंत पाणवनस्पती मुळे धरून वाढत असतात, तिची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे सूर्यप्रकाश पाण्यातील प्रत्येक जैविक व्यवहाराचा वेग वाढवतो आणि या वाढलेल्या वेगाचा लाभ वनस्पतींना मिळतो की शेवाळाला, हे ऊन दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडते, किती वेळ टिकते आणि त्या वेळी पाण्यात वनस्पतींची वस्ती किती दाट आहे, या तीन गोष्टींवर ठरते.

काचेच्या भांड्यात मासे आणि वनस्पती एकत्र ठेवण्याच्या कल्पनेमागे सूर्यप्रकाशाचाच अभ्यास होता. पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उन्हात ठेवली की त्यांवर वायूचे बुडबुडे जमतात, अंधारात ते थांबतात आणि हा वायू ज्वलनाला व श्वसनाला पोषक असतो, असे यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने १७७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. त्यानंतर सुमारे सात दशकांनी लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका मोठ्या काचपात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची वनस्पती एकत्र ठेवली. सडलेल्या पानांमुळे आणि हिरव्या चिकट थरामुळे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी न बदलता ही व्यवस्था टिकते, असा निष्कर्ष १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात या सर्व टाक्या खिडकीतल्या उजेडावरच चालत असल्याने अतिप्रकाशाचा त्रासही तेव्हाच अनुभवास आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या समुद्री मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी टाक्यांतील पाणी खालच्या मोठ्या अंधाऱ्या हौदातून सतत फिरवत ठेवण्याची योजना केली होती, तिचा हेतू पाणी थंड आणि शेवाळमुक्त राहावे हाच होता.

उजेडाचे माप

वनस्पतींच्या दृष्टीने प्रकाश म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातील प्रकाशकण होत. पानांतील हरितद्रव्य हे कण शोषून घेते आणि त्यांच्या ऊर्जेवर पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करते. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती कण पडतात, हे मायक्रोमोल या एककात मोजले जाते. निरभ्र आकाशातील भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो, तर अनुबियास, जावा फर्न किंवा क्रिप्टोकोरायन यांसारख्या सावलीला सरावलेल्या पाणवनस्पतींचे काम २० ते ५० मायक्रोमोलमध्ये भागते आणि अधिक उजेड मागणाऱ्या लालसर पानांच्या रोटालासारख्या वनस्पतींनाही १०० च्या आसपासचा आकडा बहुधा पुरतो. थेट उन्हाची तीव्रता टाकीच्या गरजेहून कितीतरी पटींनी जास्त असते, ही बाब डोळ्यांना जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी करून आणि दृष्टिपटलाची संवेदनशीलता बदलून डोळा हा फरक झाकून टाकतो. त्यामुळे माणसाला नुसता प्रसन्न वाटणारा उजेड आणि टाकीला असह्य होणारे ऊन यांतील भेद अंदाजाने ओळखता येत नाही.

त्यासाठी साधा हिशेब करून पाहता येतो. मोबाइलमधील प्रकाशमापक लक्स हे एकक दाखवतो आणि दिवसाच्या उजेडासाठी लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की मायक्रोमोलचा स्थूल अंदाज मिळतो. म्हणजे खिडकीलगत, पण ऊन न पडणाऱ्या जागी २७०० लक्स मोजले गेले, तर तेथे सुमारे ५० मायक्रोमोल उजेड आहे असे समजावे. एखादा एलईडी दिवा वनस्पतींपर्यंत ५० मायक्रोमोल पोहोचवत असेल आणि तो रोज ८ तास चालू राहत असेल, तर दिवसाची बेरीज सुमारे १.४ मोल होते. उलट खिडकीची काच, जाळी आणि तिरपा कोन यांतून गाळून निघालेले ऊन केवळ ५०० मायक्रोमोल उरले, तरी त्याच्या एका तासातच १.८ मोल प्रकाश टाकीत शिरतो, जो त्या दिव्याच्या पूर्ण दिवसाहून अधिक आहे. दिवा नेहमीप्रमाणे ८ तास चालू ठेवून वर तासभर ऊनही पडू देणारी टाकी हिरवी झाली, तर त्याचे कारण या बेरजेत असते.

उजेड वाढला म्हणून प्रकाशसंश्लेषण त्याच प्रमाणात वाढत राहत नाही. प्रत्येक वनस्पतीची एक संपृक्तता-मर्यादा असते. तिच्यापुढे मिळणारी ऊर्जा पानाला वापरता येत नाही, ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते आणि हा ताण वाढत गेला तर पानातील प्रकाश टिपणाऱ्या यंत्रणेलाच इजा होते. पाण्याखाली ही मर्यादा लवकर येते, कारण हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते आणि हा वायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट संथ पसरतो. ज्या घटकाचा पुरवठा सर्वांत तोकडा असतो तोच वाढीची मर्यादा ठरवतो, हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला नियम येथे नेमका लागू पडतो. उन्हात ठेवलेल्या टाकीत प्रकाशाचा तुटवडा संपतो आणि त्याची जागा कार्बन, नत्र, पालाश किंवा लोह यांचा तुटवडा घेतो.

सकाळचे ऊन आणि दुपारचे ऊन

रात्री वनस्पती, मासे आणि तळाच्या मातीतले जिवाणू हे सर्वच प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी व कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त असतो. दाट लावलेल्या टाकीतील मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच. सकाळच्या उजेडात वनस्पती रात्रभर साठलेला हा वायू वेगाने वापरतात, पाण्यात प्राणवायू भरत जातो आणि तो आणखी विरघळू शकत नाही अशी अवस्था आली की पानांच्या कडांवर चमकणारे बारीक बुडबुडे दिसू लागतात. दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा साठा ओसरतो. तो एक सौम्य आम्ल निर्माण करणारा वायू असल्याने त्याच्या ओसरण्याबरोबर पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच अंक, वर चढतो आणि भरपूर ऊन मिळणाऱ्या दाट टाकीत सकाळी ७ च्या आसपास असलेला सामू सायंकाळपर्यंत ८ च्या पुढे गेलेला आढळू शकतो.

या चढउताराचा माशांशी थेट संबंध आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. त्यातील बराचसा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो, परंतु सामू वाढला की विषारी मुक्त अमोनियाचा वाटा झपाट्याने वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना हा वाटा सुमारे अर्धा टक्का, ८ असताना सुमारे ५ टक्के, तर ९ असताना एक तृतीयांशाहून अधिक होतो. अमोनियाचे प्रमाण तेच असतानाही तीच टाकी सकाळी सुरक्षित आणि दुपारी घातक ठरू शकते, ती अशी. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला यांसारख्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड संपल्यावर पाण्यातील बायकार्बोनेटपासून कार्बन मिळवतात, त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्यातही त्या उन्हाचा उपयोग करून घेतात; मात्र त्यांच्या पानांवर चुन्याचा खरखरीत पांढरट थर बसतो आणि सामू आणखी वर जातो.

पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन आणि पश्चिमेच्या खिडकीतले दुपारचे ऊन यांतील फरक या क्रमावरून स्पष्ट होतो. सकाळचे ऊन येते तेव्हा पाण्यात कार्बन भरपूर असतो, प्राणवायूची गरज तीव्र असते आणि तापमान दिवसातील नीचांकाजवळ असते; पश्चिमेचे ऊन येते तेव्हा कार्बन संपत आलेला, सामू चढलेला, खोली तापलेली आणि वनस्पती दिवसभराच्या कामानंतर मंदावलेल्या असतात, म्हणून तो प्रकाश वनस्पतींच्या उपयोगी कमी आणि शेवाळाच्या उपयोगी अधिक पडतो. ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड ॲक्वेरियम’ या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या लेखिका डायना वॉलस्टॅड यांनी तळाला साधी माती घालून, दाट लागवड करून आणि खिडकीतल्या उजेडाची जोड देऊन टाकी चालवण्याची पद्धत लोकप्रिय केली. दिव्याच्या वेळेत दुपारी काही तासांची विश्रांती ठेवावी, म्हणजे मातीतील जिवाणूंच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो, या त्यांच्या सल्ल्यामागेही हाच विचार आहे.

पाणी किती तापते

उन्हाचा दुसरा परिणाम उष्णतेचा असतो आणि तोही मोजता येतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच अशा प्रचलित आकाराच्या टाकीत प्रत्यक्षात साधारण ५५ लिटर पाणी मावते आणि एवढ्या पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे २३० किलोज्यूल ऊर्जा लागते. टाकीच्या समोरच्या काचेवर पडणाऱ्या उन्हातून १०० वॉट ऊर्जा पाण्यात, मातीत आणि पानांत शोषली गेली, तर तासाला ३६० किलोज्यूल जमा होतात आणि पाणी तासाला दीड अंशाच्या आसपास तापते. पृष्ठभागावरून आणि काचेतून काही उष्णता बाहेर जात असली, तरी तीन तासांच्या उन्हात तीन-चार अंशांची वाढ सहज होते. एप्रिल-मे महिन्यांत ज्या घरात पाणी आधीच ३० अंशांवर असते, तेथे एवढी वाढ बहुतेक शोभिवंत माशांच्या सहनशक्तीच्या कडेला जाते. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळू शकतो, तो ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो आणि नेमक्या याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पृष्ठभागावर वारा घालणाऱ्या लहान पंख्याचा आहे, कारण एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा पंखा कूलरइतकाच परिणामकारक ठरतो, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचा प्रभाव बराच कमी पडतो. उडून जाणारे पाणी क्षार मागे ठेवते, म्हणून भर घालताना मऊ पाणी वापरावे लागते, नाहीतर टाकीतील पाणी उन्हाळाभर जड होत जाते.

महाराष्ट्रातील खिडक्या

खिडकीचे मूल्य तिच्या दिशेवर ठरते आणि दिशेचा अर्थ प्रत्येक अक्षांशावर निराळा असतो. युरोपीय पुस्तकांतील ‘उत्तरेची खिडकी निवडा’ किंवा ‘दक्षिणेची टाळा’ असले सल्ले महाराष्ट्रात जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. लंडनमध्ये दिवसाची लांबी हिवाळ्यातील सुमारे ८ तासांपासून उन्हाळ्यातील साडेसोळा तासांपर्यंत बदलते, तर मुंबईत ती ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यानच राहते, त्यामुळे येथे ऋतूंचा परिणाम दिवसाच्या लांबीपेक्षा सूर्याच्या मार्गातून आणि ढगांतून अधिक जाणवतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येते. मे महिन्याच्या मध्यास शून्य सावलीच्या दिवशी तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीत छज्ज्यामुळे ऊन शिरतच नाही. उलट या काळात उत्तरेच्या खिडकीत सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपे ऊन डोकावते.

याचा सर्वांत फसवा परिणाम ऑक्टोबरमध्ये दिसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ढगाळ आकाशामुळे वनस्पतींची वाढ मंदावलेली असते, नको तितके पोषण पाण्यात साठलेले असते. मग पाऊस थांबतो, आकाश निरभ्र होते आणि दक्षिणेकडे सरकलेला सूर्य ज्या खिडकीतून मार्चनंतर ऊन आले नव्हते, तिच्यातून पुन्हा आत येऊ लागतो. टाकीत काहीही बदल केलेला नसताना ऑक्टोबरच्या उन्हात पाणी अचानक हिरवे होते ते या योगामुळे, आणि म्हणून दक्षिणेच्या खिडकीशी टाकी असलेल्या घरात सप्टेंबर संपतानाच पातळ पांढरा पडदा, बांबूची चिक किंवा रोपवाटिकेत वापरतात तशी शेडनेट लावून उजेड टप्प्याटप्प्याने वाढू देणे हिताचे असते.

बाजूने येणाऱ्या प्रकाशाचा आणखी एक दोष आहे. निसर्गात पाण्यात प्रकाश वरून येतो, खिडकीत तो बाजूने येतो. त्यामुळे वनस्पतींची खोडे काचेकडे झुकतात, तर पाठ प्रकाशाकडे वळवण्याच्या उपजत प्रवृत्तीमुळे काही मासे किंचित कलते होऊन पोहतात, ज्या प्रवृत्तीचा जर्मन जीवशास्त्रज्ञ एरिख फॉन होल्स्ट यांनी बारकाईने अभ्यास केला होता. खिडकीकडील काचेला मागून कागद लावणे आणि वरून माफक दिवा ठेवणे, एवढ्याने हा दोष बव्हंशी दूर होतो.

शेवाळ आणि वनस्पती यांची चढाओढ

पाणी हिरवे करणारे शैवाल एकपेशीय आणि तरंगते असते, काचेवरचा हिरवा थर व पानांवरचे केसांसारखे तंतू ही त्याच वर्गातील इतर शैवाले होत, तर निळसर हिरवा, वास येणारा बुळबुळीत थर हा वस्तुतः सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो. एकपेशीय शैवालाचे शरीर अत्यंत लहान असल्याने आकारमानाच्या तुलनेत त्याचा पृष्ठभाग मोठा असतो, ते पाण्यातील विरळ पोषणही चटकन उचलते आणि अनुकूल स्थितीत दिवसाभरात संख्येने दुप्पट होऊ शकते. नव्या पानासाठी आठवडा घेणारी वनस्पती या वेगाशी बरोबरी करू शकत नाही. तरीही एकदा दाट पसरलेल्या वनस्पती शैवालाला वर येऊ देत नाहीत, कारण त्या अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात, पाण्यावर सावली धरतात आणि शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात. उथळ तळी एकतर वनस्पतींनी भरलेली आणि नितळ राहतात किंवा शैवालाने भरलेली आणि गढूळ राहतात, या दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात आणि एकीतून दुसरीत जाण्यास मोठा धक्का लागतो, हा सिद्धान्त डच परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी मांडला. घरची टाकी हे फार लहान तळे असल्याने तिला तो विशेषच लागू पडतो.

या सिद्धान्तातून व्यवहाराचा क्रमही निघतो. पहिल्या दिवसापासून तळाचा बराचसा भाग लागवडीखाली आणावा. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट यांसारख्या वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींनी सुरुवात करावी आणि मंद वाढणाऱ्या अनुबियास-क्रिप्टोकोरायनसारख्या वनस्पती त्यांच्या सावलीत ठेवाव्यात. पिस्टियासारख्या तरंगत्या वनस्पती येथे विशेष उपयोगी पडतात, कारण त्यांची पाने हवेत असल्याने त्यांना कार्बनचा तुटवडा भासत नाही, त्या उन्हाचा पहिला मारा स्वतःवर घेतात आणि मुळांनी पाण्यातील पोषण वेगाने ओढतात; मात्र त्यांनी अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की खालच्या वनस्पती उपाशी राहतात, म्हणून त्या दर आठवड्याला काढाव्या लागतात आणि नदी-तलावात न टाकता कुंडीच्या खतात जिरवाव्या लागतात. मासे थोडे सोडावेत, खाद्य मोजके घालावे, आणि पानांची वाढ डोळ्यांना दिसू लागेपर्यंत थेट ऊन टाळून मग सकाळच्या पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करावी.

पाणी हिरवे झालेच, तर ते बदलत राहण्याचा उपयोग थोडाच होतो, कारण उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवणे, त्या काळात हवेचा पंप चालू ठेवणे आणि नंतर मेलेल्या शैवालासह बरेचसे पाणी काढून टाकणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. हिरवे पाणी माशांना स्वतःहून अपायकारक नसते. जपानमधील गोल्डफिश पाळणारे ते मुद्दाम राखतात आणि पिल्लांना त्यातून सूक्ष्म अन्न मिळते. धोका असतो तो पहाटेच्या वेळी, कारण दाट शैवालही रात्री प्राणवायू वापरतच असते.

ऊन मिळणारी टाकी चालवणाऱ्याच्या हाती सूर्य नसतो, पण पडदा, दिव्याचे घड्याळ, लागवडीची घनता आणि माशांची संख्या या चार गोष्टी असतात आणि त्यांतली कोणती हलवायची, हे दोन वेळच्या नोंदीवरून कळते. पहाटे मासे पृष्ठभागाशी असतील तर मासे कमी करावेत किंवा पंप लावावा. सायंकाळी तापमान सकाळच्या मानाने तीन अंशांहून अधिक चढलेले असेल तर पडदा आधी ओढावा. दुपारनंतर बुडबुडे थांबून काचेवर हिरवा थर वाढत असेल तर दिव्याची वेळ कमी करावी. आणि पाने दर आठवड्याला छाटावी लागत असतील, तर त्या खिडकीतले ऊन वनस्पतींच्या पदरात पडत आहे असे समजून दिवा पावसाळ्यापुरताच लावला तरी चालते.